जप्तीचे बैल आणि ५१ टक्के : एका जर्मन प्रांताचे प्रकरण

शेतीकर्जाच्या वसुलीत माझी बत्तीस वर्षे गेली. पन्हाळा, शाहूवाडी, करवीर इथली कितीतरी गावे मी पहिल्यांदा पाहिली ती जप्तीची नोटीस हातात घेऊन. एकदा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात थकबाकीपोटी म्हैस ओढायला गेलो होतो. मालक भांडला नाही. त्याने दावे स्वतःच्या हाताने सोडले, शिपायाकडे दिले आणि मला म्हणाला, "सायेब, म्हस न्या. पण आता मत कुणाला द्याचं तेवढं सांगून जावा. सगळ्यांस्नी दिऊन बघितलंय."

निवृत्तीनंतर कोल्हापुरात आम्ही काहीजण रविवारी सकाळी एक अभ्यासवर्ग चालवतो. स्पर्धा परीक्षा देणारी पोरे असतात, चार-दोन आमच्यासारखे म्हातारे असतात. लोकशाही मोडकळीला येते तेव्हा टोकाच्या पक्षांकडे लोक कसे वळतात, हा विषय निघाला तेव्हा पोरांनी धडाधड कारणे सांगितली : व्हर्सायचा तह, चलनवाढ, मंदी, बेकारी. सगळी बरोबर होती. पण त्यांत माणूस कुठे नव्हता. म्हणून मी बर्लिन बाजूला ठेवले आणि जर्मनीचा एकच प्रांत घेतला, श्लेस्विग-होल्स्टाइन. तो घेण्याचे कारण म्हणजे या गोष्टीची सुरुवात जप्तीपासून होते.

प्रांत आणि आकडे

जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कला लागून, दोन समुद्रांच्या मध्ये हा प्रांत. पश्चिमेला समुद्र हटवून मिळवलेली कसदार जमीन, तिथे जनावरे पोसून विकणारे सधन शेतकरी. मधोमध रेताड पट्टा, तिथे घरच्या माणसांच्या जिवावर चालणारी लहान शेती. पूर्वेला मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटी. आपल्या एकाच जिल्ह्यात शिरोळची काळी जमीन आणि गगनबावड्याचे डोंगरउतार नांदतात, तसाच हा प्रकार. दूध, डुकरे, मांसाची जनावरे हेच उत्पन्न. कील आणि आल्टोना ही कामगारांची शहरे. धर्माने बहुतेक सगळे प्रोटेस्टंट. खेड्यांत ज्यू जवळजवळ नव्हतेच.

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये निवडणूक झाली, तेव्हा या प्रांताने सोशल डेमोक्रॅट (म्हणजे समाजवादी) आणि उदारमतवादी डेमोक्रॅट या दोन प्रजासत्ताकवादी पक्षांना मिळून सत्तर टक्क्यांहून जास्त मते दिली. मे १९२८ मध्ये नाझी पक्षाला इथे ४ टक्के मते होती. सप्टेंबर १९३० मध्ये २७ टक्के. जुलै १९३२ मध्ये ५१ टक्के. त्या निवडणुकीत जर्मनीच्या ३५ मतदारसंघांपैकी निम्म्याहून अधिक मते नाझींना देणारा हा एकटा. आणि सर्वांत जास्त मते कुठून आली? मधल्या रेताड पट्ट्यातल्या लहान शेतकऱ्यांच्या गावांतून. काही गावांत तर विरोधी मते बोटांवर मोजण्याइतकी होती.

वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, तेरा वर्षांत माणसं एवढी बदलतात?" माझे उत्तर तेव्हाही हेच होते : माणसे तीच होती. त्यांचा राग एका घरातून दुसऱ्या घरात फिरत गेला, आणि शेवटच्या घराला बाहेर पडायचे दारच नव्हते.

कर्ज

१९२३ च्या चलनवाढीत जर्मन शेतकऱ्याचे जुने कर्ज कवडीमोल झाले. ऐकायला हे बरे वाटते. पण त्याच झटक्यात त्याची शिल्लकही कवडीमोल झाली. नवे चलन आले तेव्हा त्याच्याकडे जमीन होती, गोठा होता, आणि हंगाम उभा करायला हातात रोकड नव्हती. मग नवे कर्ज, तेही चढ्या व्याजाचे आणि थोड्या मुदतीचे. ज्याने कधी पीककर्ज फिरवले आहे त्याला पुढचे सांगावे लागत नाही. थोड्या मुदतीच्या पैशात लांब मुदतीची गरज भागवली की पहिल्या पडत्या भावाला माणूस बुडतो. १९२७ मध्ये डुकरांचे भाव पडले. बाहेरून येणारे मांस आणि धान्य स्वस्त होते. वर कर आणि सामाजिक विम्याचे हप्ते. लिलाव सुरू झाले.

इथपर्यंत हे अर्थकारण झाले. राजकारणाची कलाटणी वेगळ्याच जागी आहे, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे. या शेतकऱ्यांनी १९१९ चे पक्ष केव्हाच सोडले होते. १९२४ च्या अखेरीला प्रांतातली ३३ टक्के मते जर्मन नॅशनल पीपल्स पार्टी या जुन्या, राजनिष्ठ, शेतकऱ्यांचा कैवार घेणाऱ्या पक्षाकडे गेली होती. आणि त्यांनी मागितले ते मिळालेही. १९२७ च्या जानेवारीत त्याच पक्षाचे मार्टिन शीले देशाचे शेतीमंत्री झाले. आपलाच माणूस, आपलेच खाते. तरी भाव पडतच राहिले आणि लिलाव होतच राहिले.

विरोधकांनी काही केले नाही याचा राग वेगळा असतो. त्या रागात माणूस पुढच्या निवडणुकीची वाट पाहतो. आपल्या माणसाला बसवूनही काही झाले नाही, या अनुभवानंतर निवडणुकीवरचाच विश्वास उडतो. पन्हाळ्याचा तो म्हैसवाला मला हेच सांगत होता.

रयत रस्त्यावर

२८ जानेवारी १९२८ रोजी प्रांतातल्या गावोगावच्या बाजारपेठांत मिळून लाखाच्या वर शेतकरी उभे राहिले. कुठल्या पक्षाने बोलावले नव्हते. या चळवळीला 'लांडफोल्क' म्हणत. आपल्या भाषेत शब्द शोधला तर रयत.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बाइडनफ्लेथ या गावात कर थकला म्हणून बैल जप्त झाले. ते नेताना गावकऱ्यांनी शिंग फुंकून एकमेकांना बोलावले, रस्त्यावर गवताचे पेंढे पेटवले. बैल बुजले आणि उलटे फिरून गोठ्याकडे पळाले. त्यावरून शेतकऱ्यांवर मोठा खटला झाला आणि सगळ्या प्रांतात गाव प्रसिद्ध झाले. हा प्रसंग मी वर्गात सांगितला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही आतून त्या बैलांच्याच बाजूने होतो, हे कबूल करतो. आमच्याकडे आंदोलनाच्या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरची हवा सोडतात, त्याच जातीचा हा राग.

मग फरक कुठे पडला? चळवळीचे दोन चेहरे होते. विल्हेल्म हामकेन्स कर भरू नका असे सांगणारा. क्लाउस हाइम डिथमार्शेनचा सधन शेतकरी, अबोल, हट्टी, बॉम्बपर्यंत गेलेला. १९२८-२९ मध्ये कर-कचेऱ्या आणि सरकारी इमारतींच्या दारांत बॉम्ब फुटू लागले. चळवळीने झेंडा केला तो काळा, त्यावर पांढरा नांगर आणि लाल तलवार. १ ऑगस्ट १९२९ ला नॉयम्यून्स्टर शहरात तुरुंगातून सुटणाऱ्या हामकेन्सच्या स्वागतासाठी मोर्चा निघाला, पोलिसांनी तो झेंडा हिसकावला, तलवारी चालल्या, माणसे जखमी झाली. मग शेतकऱ्यांनी त्या शहरावर बहिष्कार टाकला. कित्येक महिने तिथे खरेदी नाही, बाजार नाही, जनावरांचे प्रदर्शन नाही.

एवढ्या ताकदीच्या चळवळीची मागणी काय होती, हे मी पुन्हा पुन्हा शोधले. सुरुवातीच्या सभांत व्याज, कर, आयात यांच्या मागण्या सापडतात. हळूहळू त्या मागे पडतात आणि एकच शब्द उरतो : 'व्यवस्था'. व्यवस्था सडलेली आहे. संसद म्हणजे बडबडीचा अड्डा. पक्ष सगळे चोर. हाइमच्या माणसांना निवडणूकच नको होती.

इथे मी वर्गाला जयसिंगपूरच्या ऊस परिषदेची आठवण दिली. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर तिथे एक आकडा जाहीर होतो : टनाला इतके द्या, नाहीतर कोयता लावू देणार नाही. तो आकडा कुणाला पटेल, कुणाला नाही पटणार. पण त्याला पत्ता असतो. समोर कारखाना असतो, साखर आयुक्त असतो, उसाच्या किमान दराचा, म्हणजे एफआरपीचा, कायदा असतो, तुटलेल्या उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावे हा नियम असतो. भांडण मिटायची एक जागा असते. कोल्हापूरचे टोलविरोधी आंदोलनही असेच. एन. डी. पाटलांसारख्या म्हाताऱ्या माणसाच्या मागे डावे, उजवे, व्यापारी, रिक्षावाले सगळे एका कृती समितीत आले. टोलनाके पेटले, तेही खरे, आणि मला ते आवडले नव्हते. पण मागणी एकच होती, टोल नको. टोल गेला आणि माणसे आपापल्या पक्षांत परत गेली. लांडफोल्कच्या मागणीला असा पत्ता उरला नव्हता. 'व्यवस्था' कुठल्या टेबलावर बसून तडजोड करणार?

तयार जमिनीवर आलेला पक्ष

पोरांना वाटले होते की ही चळवळ नाझींचीच. तसे नव्हते. नाझी पक्षाने आपल्या लोकांना बॉम्बवाल्यांपासून लांब राहायला सांगितले. हाइमनेही नाझींची बोलावणी नाकारली. १९३० च्या ऑक्टोबरात त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली, तेव्हा त्याचे लोक सैरभैर झाले आणि बहुतेकांनी नाझींची वाट धरली.

पक्षाने तोवर आपली तयारी चोख केली होती. त्याच्या मूळ कार्यक्रमाच्या १७ व्या कलमात मोबदल्याशिवाय जमीन घेण्याची भाषा होती. शेतकऱ्याला बिचकवणारे दुसरे काही नको. एप्रिल १९२८ मध्ये हिटलरने जाहीर खुलासा केला की पक्ष खासगी मालकी मानतो, ते कलम ज्यू जमीन-सट्टेबाज कंपन्यांबद्दल आहे. एका खुलाशात दोन कामे झाली. शेतकऱ्याची भीती गेली आणि त्याच्या व्याजाला एक चेहरा मिळाला. ज्या गावांत ज्यू माणूस कुणी पाहिलेला नव्हता, तिथे हा चेहरा सहज चिकटला. समोर जिवंत शेजारी असता तर त्याच्याकडे बघून कुणाला तरी शंका आली असती.

७ मार्च १९२९ ला व्योर्डेन गावात नाझी आणि कम्युनिस्ट यांची मारामारी झाली. दोन नाझी आणि एक कम्युनिस्ट मेला. अंत्ययात्रेला हिटलर स्वतः आला. बर्लिनचा कुणी मंत्री लिलावाला येत नव्हता, आणि हा माणूस मयताला आला. आपल्याकडे मयताला कोण आले आणि कोण आले नाही हे पिढ्यान्पिढ्या लक्षात ठेवतात. तिथेही ठेवले.

पण सगळ्यांत महत्त्वाचे काम गाजावाजा न करता झाले. १९३० पासून वाल्टर डारे याच्या हाताखाली पक्षाने शेतीची स्वतंत्र यंत्रणा उभारली. जिल्ह्याजिल्ह्यांत पक्षाचा शेती-सल्लागार. त्याला काम एकच : जुन्या शेतकरी संघटनांत शिरायचे, शेती मंडळांच्या निवडणुका लढवायच्या, पदे घ्यायची. १९३१ च्या अखेरीला देशव्यापी शेतकरी संघाच्या अध्यक्षमंडळात नाझी माणूस बसला. गावातला घोडे बाळगणारा मोठा शेतकरी, गायन मंडळाचा प्रमुख, शाळामास्तर, कुठे कुठे पाद्री, यांपैकी एकाने बाजू बदलली की त्याच्या पाठोपाठ वाडीच जायची. विकास सोसायटी किंवा दूध संस्था हातात आली की गाव हातात येते, हे कोल्हापुरात कुणाला शिकवायला नको. संसदेतली बातमी आपण वाचतो, संस्थेची निवडणूक नजरेतून सुटते.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो परीक्षेच्या पुस्तकांतही असतो. बेकार झालेल्या कामगारांची मते मोठ्या प्रमाणात नाझींकडे गेली असे नाही. ती जास्त करून कम्युनिस्टांकडे गेली. या प्रांतात कामगारांच्या वस्त्यांनी समाजवाद्यांचा हात फारसा सोडला नाही; १९३२ मध्येही त्यांच्याकडे चौथा हिस्सा मते होती. मोडला तो मधला थर : शेतकरी, दुकानदार, कारागीर. शीलेंचा जुना पक्ष १९२८ मध्ये २३ टक्क्यांवर आला आणि १९३० मध्ये सहाच्या आसपास. लोक एका उडीत टोकाला पोचले नव्हते. आधी जुना पक्ष, मग लहानसहान हितसंबंधी पक्ष, मग 'कुठलाच पक्ष नको' म्हणणारी रयत, आणि त्यानंतर तो पक्ष ज्याला आपल्यानंतर दुसरा पक्ष नको होता. नांगरट लांडफोल्कने केली. पेरणी दुसऱ्याने केली.

बर्लिनमध्ये तेव्हा

मतदारावर सगळे ढकलून मोकळे होणे मला मान्य नाही. २७ मार्च १९३० ला हेरमान म्युलर यांचे आघाडी सरकार पडले. वाद बेकारी विम्याच्या वर्गणीत अर्धा टक्का वाढ करायची की नाही यावरून विकोपाला गेला होता. एवढ्यासाठी बहुमताचे सरकार गेले आणि त्यानंतर वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे महायुद्धानंतरच्या या जर्मन लोकशाहीत, संसदेच्या बहुमतावर उभे असलेले सरकार पुन्हा आले नाही. ब्र्यूनिंग चॅन्सेलर, म्हणजे सरकारचे प्रमुख, झाले. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या सहीने, राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली वटहुकूम निघू लागले. संसदेने विरोध केला तर संसद बरखास्त. त्या बरखास्तीनंतरच्या सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझींचे १२ खासदार होते त्यांचे १०७ झाले. १९३२ सालात संसदेने पाच कायदे केले, वटहुकूम साठाहून अधिक निघाले, आणि संसद भरली तेरा दिवस.

लांडफोल्क म्हणत होती की संसद बिनकामाची आहे. वरच्यांनी ती खरोखरच बिनकामाची करून दाखवली. खालची निंदा आणि वरची सोय एकमेकींना पोसत होत्या. टोकाच्या पक्षाला आपण सरस ठरावे यासाठी वेगळे काही करावे लागले नाही.

कम्युनिस्टांनी त्यात भर घातली. समाजवादी म्हणजे 'सोशल फॅसिस्ट', तेच मुख्य शत्रू, ही त्यांची अधिकृत भूमिका होती. जुलै १९३२ च्या संसदेत नाझी २३० आणि कम्युनिस्ट ८९, एकूण ६०८ पैकी ३१९. एकत्र येऊन सरकार चालवणे त्यांना शक्य नव्हते, दुसऱ्याला चालवू न देणे मात्र शक्य होते.

आणि आमच्या या प्रांतातच १९३२ चा सगळ्यात काळा रविवार घडला. नाझींच्या वर्दीतल्या दलांवर एप्रिलमध्ये बंदी आली होती. ब्र्यूनिंग यांच्या जागी आलेल्या फॉन पापेन यांच्या सरकारने ती जूनमध्ये उठवली. १७ जुलैला हजारो वर्दीधाऱ्यांचा मोर्चा आल्टोनाच्या कामगार वस्तीतून गेला. अठरा माणसे मेली, बहुतेक पोलिसांच्या गोळ्यांनी, आणि त्यांत कितीतरी तिथलेच रहिवासी. तीन दिवसांनी पापेननी त्याच रक्ताचे कारण पुढे केले, प्रशिया या देशातल्या सर्वांत मोठ्या राज्याचे समाजवादी नेतृत्वाखालचे काळजीवाहू सरकार हटवले आणि देशातले सगळ्यात मोठे पोलीस दल आपल्या हातात घेतले. अकरा दिवसांनी मतदान झाले. प्रांताचे ५१ टक्के ते हेच.

इथे थांबून मी पोरांना नोव्हेंबर १९३२ चा आकडा फळ्यावर लिहायला लावला. तो बहुतेकांना माहीत नसतो. देशभर नाझींची वीस लाखांच्या आसपास मते कमी झाली, जागा २३० वरून १९६ वर आल्या. आमच्या प्रांतातही ते निम्म्याखाली घसरले. पक्षाची तिजोरी रिकामी होती. लाट ओसरत होती. आणि अशा वेळी ४ जानेवारी १९३३ ला पापेन कोलोनमधल्या एका बँकरच्या घरी हिटलरला भेटले, म्हाताऱ्या हिंडेनबुर्गला पटवले आणि ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला. मंत्रिमंडळात हिटलर धरून तीनच नाझी. बाकीच्यांना वाटले की तो आपल्या मुठीत आहे. स्वतंत्र निवडणुकीत हिटलरला कधीही बहुमत मिळाले नाही. त्याला लोकांनी उंबरठ्यापर्यंत आणले, आत घेतले ते मोजक्या माणसांनी. या वाक्यापाशी वर्गात वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. एक पोरगा म्हणतो, उंबरठ्यापर्यंत आणणाऱ्यांचा दोष मोठा. मी म्हणतो, दाराला कडी होती आणि ती कुणाच्या हातात होती ते बघ.

नंतर जप्तीचे काय झाले

२३ मार्च १९३३ ला संसदेने आपले अधिकार सोडून दिले. ४४४ विरुद्ध ९४. विरोधात फक्त समाजवादी. कम्युनिस्ट खासदारांना येऊच दिले नव्हते. १४ जुलैच्या कायद्याने देशात एकच पक्ष उरला. 'कुठलाच पक्ष नको' म्हणणाऱ्या रयतेच्या वाट्याला तो एक आला.

आणि जप्ती? ती खरोखर थांबली. सप्टेंबर १९३३ च्या वारसा-शेती कायद्याने ठरावीक आकाराच्या शेतांवर लिलाव बंद झाला. बाइडनफ्लेथच्या बैलांपाशी सुरू झालेली मागणी अक्षरशः मंजूर झाली. मी वसुलीतला माणूस, म्हणून त्या कायद्याच्या दुसऱ्या बाजूकडे माझी नजर लगेच गेली. शेत विकता येईना, गहाण ठेवता येईना. जे गहाण पडत नाही त्यावर कुणी पैसा देत नाही. शेत एकाच वारसाला जाणार, बाकीची भावंडे मोकळ्या हाताने बाहेर. आपले रक्त १८०० सालापर्यंत 'जर्मन' असल्याचे ज्याला दाखवता येईल तोच शेतकरी. आणि शेत नीट चालवत नाही असा शेरा पडला तर ते त्याच्याकडून काढून घेता येई. दूध कुठे घालायचे, भाव काय, हे ठरवणारी सक्तीची सरकारी संघटना त्याच महिन्यात आली. तिच्यापुढे मोर्चा काढायची सोय नव्हती, कारण मोर्चे आता एकाच पक्षाचे निघत.

या प्रांतात १९२५ पासून पक्ष बांधणारा माणूस होता हिनरिख लोहसे. लहान शेतकऱ्याच्या घरातला, काही काळ बँकेत कारकून. हे वाचताना मला बराच वेळ पान उलटता आले नाही. त्यानेच गावोगाव फिरून हे ५१ टक्के जमवले होते. १९४१ मध्ये त्याला बाल्टिक देश आणि बेलारूसच्या व्यापलेल्या मुलखाचा राज्य-आयुक्त नेमले. त्याच्या कारभाराखाली तिथले ज्यू आधी वस्त्यांत कोंडले गेले आणि मग लाखोंनी मारले गेले.

वर्ग सुटल्यावर ती पहिला प्रश्न विचारणारी मुलगी थांबली. शिरोळ तालुक्यातली, घरी तीन एकर ऊस. तिने विचारले, "सर, त्या म्हैसवाल्याला तुम्ही काय सांगितलं?" मी काहीच सांगितले नव्हते. पावती फाडून दिली होती आणि जीपमध्ये बसलो होतो.